सीआरपीच्या एका आकड्यावरून म्हातारपण मोजू नका

महोदय,

साठीपुढच्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये हल्ली एचएस-सीआरपी ही तपासणी हमखास असते. शरीरात दाह (आतली सूज) असला की रक्तात वाढणारं सीआरपी नावाचं प्रथिन ती मोजते. ‘शरीर आतून किती झिजलंय’ ते या आकड्यावरून कळतं, असा समज पसरतोय. तो चुकीचा आहे.

वयाबरोबर अनेकांच्या शरीरात मंद दाह रेंगाळतो, ही गोष्ट खरी. इटलीचे संशोधक क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली ही कल्पना मांडली. विभाजन थांबूनही न मरणाऱ्या पेशी, पोटातली चरबी, हिरड्यांचं जुनं दुखणं, सिगारेट यांमुळे इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे रासायनिक संदेश सतत सुटत राहतात आणि यकृत सीआरपी बनवत राहतं. पण सर्दी, दाढेतला पू किंवा परवा घेतलेली लस यांनीही सीआरपी वाढतं. काही तासांतच ते चढू लागतं आणि साधारण दोन दिवसांनी सर्वांत वर असतं. म्हणून आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला, तर आधी संसर्ग शोधावा आणि पूर्ण बरं वाटल्यावर, किमान दोन आठवड्यांनी, तपासणी पुन्हा करावी. १ च्या आत, १ ते ३ आणि ३ च्या वर हे टप्पे हृदयविकाराच्या जोखमीचे आहेत, वयाचे नव्हेत.

एककाकडेही नीट पाहा. काही लॅब प्रति डेसिलिटरमध्ये (लिटरच्या दहाव्या भागात) रिपोर्ट देतात. तिथला ०.४ म्हणजे प्रति लिटर ४. हा ०.४ ‘एकच्या आत’ समजून लोक निर्धास्त होतात.

आकडा खाली आणण्यासाठी रोज डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेणं तर घातकच. त्याने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. हळदीच्या कॅप्सूलही निरुपद्रवी नाहीत. विशेषतः काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याची नोंद आहे (आमटीतल्या हळदीबद्दल हे नाही). दाह दाबण्याची किंमत किती, हे २०१७च्या ‘कॅन्टोस’ चाचणीत दिसलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी ज्यांना कॅनाकिनुमॅब या दाहाचा एक संदेश अडवणाऱ्या औषधाचं १५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मिळालं, त्यांच्यात पुढचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. जो संदेश रक्तवाहिनी खराब करतो, तोच जंतूंशीही लढतो.

मधुमेह आटोक्यात ठेवणं, हिरड्यांवर उपचार, तंबाखू सोडणं, पुरुषांनी कंबर ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवणं, हे गोळ्यांपेक्षा भरवशाचं.

लॅबचालकांना विनंती, की रक्त घेताना ‘गेल्या दोन आठवड्यांत ताप, जखम, लस?’ एवढं विचारावं आणि उत्तर रिपोर्टवर, एककाशेजारी, ठळक छापावं.

— एक पॅथॉलॉजिस्ट, पुणे