ऑप्शन फॉर्मच्या आधी कॉलेज बघू द्या

संपादक महोदय,

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की आपल्या पानांवर पर्सेंटाइल, कट-ऑफ आणि कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांचं, मार्गदर्शन सुरू होतं. चांगलंच आहे. पण मी कोल्हापुरात भाड्याची गाडी चालवतो आणि या गोष्टीचा पुढचा भाग मला आरशात दिसतो. सीट लागलेली असते, जुलै-ऑगस्टचा पाऊस असतो, कॅरियरवर ताडपत्रीखाली गादी आणि ट्रंक बांधलेली असते. मागं बसलेल्या बहुतेकांनी ते कॉलेज अजून डोळ्यांनी बघितलेलं नसतं. म्हैस घ्यायची तर दोन्ही वेळची धार काढून बघितल्याशिवाय इसार न देणारी आमच्या जिल्ह्यातली माणसं, पोरीला चार वर्षं कुठं ठेवायचं ते मात्र नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून ठरवतात.

बरं, पहिल्या पसंतीला टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. कॉलेजं पसंतीक्रमानं लिहायचा हा ऑप्शन फॉर्म भरायला मुदत मिळते ती मोजक्या दिवसांची. तेवढ्यात गाडी काढून फिरणं कुणाला जमणार? म्हणजे जायचं तर जूनमध्येच जायला हवं.

मुलींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) मुलींना २०२४-२५ पासून कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. त्यामुळं घरच्यांपुढं खरा प्रश्न राहतो तो हॉस्टेल आणि मेसचा. खर्चाचाही आणि काळजीचाही. आणि नेमकं तेच दाखवत नाहीत. मागं एकदा राधानगरीकडच्या एका कुटुंबाला घेऊन गेलो होतो. ऑफिसात वडिलांना प्लेसमेंटचं रंगीत पुस्तक मिळालं, लॅब दाखवली, चहासुद्धा पाजला. हॉस्टेल बघू का म्हटल्यावर मात्र, ‘आधी ॲडमिशन घ्या, मग बघा.’ मुलीच्या आई काही हटल्या नाहीत. फाटकापाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींनाच विचारू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर पाणी किती वाजता येतं, आमटी कशी असते, लायब्ररीतून रात्री परतायला किती अंतर चालावं लागतं, आजारी पडलं तर कोण नेतं. पोरींनी सगळं घडाघडा सांगितलं. वडिलांच्या हातातल्या पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं.

ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ साली बोर्डिंग काढलं, कारण खेड्यातल्या पोराला नुसती शाळा असून भागत नाही हे त्यांना कळलं होतं, त्या गावातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जाणाऱ्यांसाठी गाडीवाल्याच्या नात्यानं चार गोष्टी सांगतो. पुण्यापर्यंतचा पल्ला सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे, एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका. पहिला दिवस सांगली-कराडचा ठेवा. सकाळी लवकर निघून हातकणंगले-जयसिंगपूर करत सांगलीत विश्रामबागला वालचंद कॉलेज गाठायचं. (जयसिंगपुरात भडंगाला थांबलात की अर्धा तास गेलाच.) तिथून इस्लामपूरजवळ (आताचं ईश्वरपूर) राजारामनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग पेठ नाक्यावरून हायवेनं कराड. कराडचं शासकीय अभियांत्रिकी गावात नाही, कृष्णा ओलांडून विद्यानगरला आहे; बरेच जण गावातच विचारत फिरतात. दुपारी एक ते दोन ऑफिसं जेवायला उठतात, तेवढ्या वेळात कॅन्टीनला बसा, खरी माहिती तिथंच मिळते. मुक्काम कराड किंवा साताऱ्याला करून दुसऱ्या दिवशी पुणे. तिथं शिवाजीनगरचं १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी, बघायचं असतं बहुतेकांना, आणि बघावंच. पण त्याबरोबर ज्याचा कट-ऑफ आपल्या आवाक्यात आहे असंही एखादं बघून या. रविवारी जाऊ नका. रविवारी नुसत्या इमारती दिसतात. आणि पालख्यांची तारीख आधी बघा: ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आसपास माउली आळंदीहून निघतात, पुण्यात मुक्काम असतो, त्या दिवसांत शिवाजीनगरला गाडी घालायची म्हणजे माउलींच्याच भरवशावर.

हायवेला सहापदरीचं काम जिथं-तिथं काढलेलं आहे, सर्व्हिस रोडवर किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून कॉलेजला वेळ देताना तासभर हातचा राखा. डिझेल आणि टोल धरून गाडी एकट्याला परवडत नसेल तर दोन घरांनी मिळून करा. नाहीतर एसटी आहेच, आई आणि मुलगी दोघींना निम्मं तिकीट लागतं. माझं भाडं बुडेल, पण सांगली आणि कराडला एसटीनं आरामात जाऊन येता येतं.

आता कॉलेजांना एकच मागणं. सीईटीचा निकाल आणि ऑप्शन फॉर्म यांच्यामध्ये जूनमध्ये दोन दिवस ठरवा, एक कामाचा आणि एक शनिवार. त्या दिवशी पालकांना वर्ग, लॅब, मेस दाखवा आणि मुलींचं हॉस्टेल निदान आईला तरी आतून बघू द्या. रेक्टरबाई सोबत असू देत, रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्या, आधार कार्ड बघा, कुणाची हरकत नाही. मुलींच्या सुरक्षेसाठी फाटकावर अडवतात हे मला पटतं. पण दिवस ठरवून दिला तर वॉचमनलाही सोपं जाईल, रोज येणाऱ्याशी हुज्जत घालावी लागणार नाही.

आणि आपल्याला विनंती अशी, की कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांतली जी कॉलेजं असे दिवस जाहीर करतील त्यांच्या तारखा कट-ऑफच्या तक्त्याशेजारी एका चौकटीत छापाव्यात. जी करणार नाहीत त्यांची नावं छापायची गरज नाही, पालकांच्या ते आपोआप लक्षात येईल.

आपला,
एक गाडीवाला,
कसबा बावडा, कोल्हापूर