प्रतिकृतीला ‘नकली’ म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जिल्ह्यातील छंदप्रदर्शनाचा सविस्तर वृत्तान्त वाचला. त्यात लष्करी खेळण्यातील आगगाड्यांची दखल घेतली गेली, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्यातील एका छायाचित्राखाली ‘शंभर वर्षांपूर्वीचे चिलखती इंजिन’ असे छापले आहे, तर त्याच पानावर पुढे, ‘काही संग्राहक मूळ वस्तू परवडत नसल्याने नकली गाड्यांवर समाधान मानतात’, असे विधान आहे. छायाचित्रातील इंजिन माझे आहे आणि ते शंभर वर्षांपूर्वीचे नाही. ती अलीकडे तयार झालेली प्रतिकृती असून तसे लिहिलेली चिठ्ठी मी तिच्यासमोर ठेवली होती. म्हणजे एकाच पानावर एका प्रतिकृतीला अस्सल ठरवले गेले आणि बाकीच्या सर्व प्रतिकृती नकली ठरल्या. या गोंधळाने नवख्या संग्राहकाचे पैशांचे नुकसान होऊ शकते, म्हणून हे पत्र.

ज्या मूळ खेळण्यावरून माझे इंजिन बनले, ते अमेरिकेतील लायनेल कंपनीने 1917 साली बाजारात आणले होते. त्याचा क्रमांक 203. राखाडी रंग, वर बुरूज, त्यातून बाहेर आलेल्या तोफांच्या नळ्या आणि मागे दारूगोळ्याचे डबे असे त्याचे रूप आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. युद्धाची बातमी मुलांच्या खोलीपर्यंत किती लवकर पोहोचली, हे या एका खेळण्यावरून कळते. पुढे शीतयुद्धाच्या काळात, 1959 मध्ये, याच कंपनीने क्षेपणास्त्र सोडणारा उघडा डबा काढला आणि त्याच्या जोडीला क्षेपणास्त्र लागताच स्प्रिंगच्या जोराने भिंती उडून पडणारा बंद डबाही काढला. अशी खेळणी मुलांना युद्धाची गोडी लावतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागची काळजी मला मान्य आहे. परंतु ही खेळणी नजरेआड केल्याने तो काळ समजणार नाही.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते येथे तीन शब्द वेगवेगळे वापरले पाहिजेत. त्या काळी, त्या कारखान्यात बनलेली ती मूळ वस्तू. त्या नमुन्यावरून नंतर, उघडपणे आणि स्वतःची खूण उमटवून बनवलेली ती प्रतिकृती. आणि प्रतिकृतीवरची खूण घासून काढून, तिला गंज चढवून, जुनी म्हणून विकलेली ती बनावट. तिसऱ्या प्रकाराचा फटका मला स्वतःला बसला आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका विक्रेत्याकडून मी पहिल्या महायुद्धाच्या काळातील म्हणून एक डबा घेतला आणि त्यासाठी जवळजवळ दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन मोजले. घरी आणून तो उलटा केला, तेव्हा चाकांच्या चौकटीला फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले. आपल्याकडे मेकॅनिक ज्याला स्टार स्क्रू म्हणतात, तो फिलिप्स पद्धतीचा स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात आला. 1917 च्या खेळण्यात तो असूच शकत नाही. गंजही संशयास्पद होता. पत्र्याचे कान खाचेत घालून जिथे वाकवलेले असतात, तिथे कथिलाचा मुलामा तडकतो आणि खरा गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. या डब्यावर मात्र तो सगळीकडे सारखा पसरलेला होता. आमच्या भुसावळच्या कोरड्या हवेत पत्र्याला गंज फारसा धरत नाही, त्यामुळे ही गोष्ट माझ्या नजरेत उशिराच भरली. सोबतचा खोकाही जुना म्हणून दिला होता. अतिनील दिव्याखाली त्याचा कागद निळसर पांढरा उजळला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी अशी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली.

परंतु या फसवणुकीचा दोष प्रामाणिक प्रतिकृतीवर येत नाही. उलट काही बाबतींत प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा अधिक उपयोगाची असते. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने मूळ गाडी मी नातवाच्या हाती देणार नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील अनेक गाड्यांची जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके धातूतील अशुद्धतेमुळे आपोआप तडकतात आणि भुगा होतात. ती गाडी चालवायची, तर नवी चाके बसवण्यावाचून गत्यंतर नसते. सर्वांत बोलके उदाहरण कागदी गाडीचे आहे. 1942 मध्ये अमेरिकेत युद्धासाठी धातू राखून ठेवण्यात आला, खेळण्यातील गाड्यांचे उत्पादन थांबले आणि 1943 साली लायनेलने कापून जोडायची पुठ्ठ्याची गाडी विकली. तिचा न कापलेला मूळ संच आज ज्याच्याकडे असेल, तो ती गाडी कधीच जोडणार नाही, कारण जोडताच त्याची किंमत जाईल. पुनर्मुद्रित संच मात्र मी आणि माझ्या नातवाने उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पडदे ओढून जोडला आणि 1943 मधल्या मुलांना ती गाडी जोडताना किती त्रास झाला असेल, ते आम्हाला बोटांनी कळले.

मी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. 1971 च्या डिसेंबरमध्ये मी नऊ वर्षांचा होतो आणि भुसावळच्या यार्डातून ताडपत्री टाकलेल्या रणगाड्यांच्या मिलिटरी स्पेशल जाताना वडिलांचा हात धरून पाहिल्या होत्या. लष्करी गाड्यांची ओढ तिथून लागली. ज्या गावाला जंक्शनही आहे आणि आयुधनिर्माणीही, तिथे हा छंद कोणाला परका वाटू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक सूचना करतो: अमेरिकन गाड्यांचे ट्रान्सफॉर्मर 110 व्होल्टचे असतात, ते आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातल्यास जळतात. मी गावातील मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडून स्टेप-डाऊन, म्हणजे 230 व्होल्टचे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर, बांधून घेतला आणि तो आजही उत्तम चालतो.

प्रदर्शनाच्या संयोजकांना माझी विनंती आहे की, पुढील वेळी प्रत्येक वस्तूसमोर ती मूळ की प्रतिकृती, आणि मूळ वस्तूचे कोणते भाग बदलले आहेत, हे लिहिणे बंधनकारक करावे. आपल्याला विनंती आहे की, त्या छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी आणि तीत ‘1917 च्या नमुन्यावरून बनवलेली प्रतिकृती’ असे शब्द असावेत. इंजिनाच्या तळाशी बनवणाऱ्याची खूण आहे. आपल्या प्रतिनिधींना ती पाहायची असल्यास मी इंजिन घेऊन कार्यालयात येईन.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
भुसावळ, जि. जळगाव