कीलेस गाडीवाल्यांसाठी सूचना

सर्व सभासदांस,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता क्लबहाउसमध्ये कीलेस गाड्यांच्या सुरक्षेबद्दल अर्धा तास बसायचं आहे. अशी गाडी असलेल्यांनी यावंच.

किल्ली खिशात, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, तरी दार उघडतं. सोय झकासच! पण दाराशेजारी खुंटीला लटकवलेल्या किल्लीचा सिग्नल एक चोर बाहेरून यंत्राने पकडून गाडीजवळच्या साथीदाराकडे पोचवू शकतो. गाडीला वाटतं किल्ली जवळच आहे, आणि दार उघडतं. काच फोडावी लागत नाही.

तोवर:
- दोन्ही किल्ल्या दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच गाडीजवळ नेऊन बघा. दार उघडलं तर पाऊच बिनकामाचं.
- स्टिअरिंगला वरून वेगळं लॉक लावा. दिसतं जुनाट, पण चोराचा वेळ खातं.
- तळमजल्यावरच्यांनी विशेष लक्ष द्यावं.

– सचिव