थेल्मा रिटर यांना, एका हौशी नटीकडून

थेल्माबाई,

स. न. वि. वि.

तुम्ही १९६९ सालीच गेलात, तेव्हा हे पत्र पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. हौशी रंगभूमीवर माझ्या वाट्याला कायम मोलकरीण, शेजारीण नाहीतर नायिकेची मावशी येते, आणि ही कामं कशी करायची ते मी हॉलिवूडच्या चित्रपटांत तुम्ही केलेल्या अशाच दुय्यम भूमिकांमधून उचललं.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते 'रिअर विंडो'मध्ये (१९५४). पाय प्लास्टरमध्ये अडकलेल्या जेम्स स्टुअर्टला मालिश करायला विमा कंपनीने पाठवलेली नर्स, स्टेला. तो न्याहारीला बसलेला, आणि तुम्ही मन लावून विचार करताय की समोरच्या इमारतीतल्या माणसाने बायकोचे तुकडे केले तरी कुठे? बाथटबमध्येच असणार, रक्त धुवायला बरं! त्याचा घास अडकतो. आम्ही हसतो, पण स्टेला विनोद करत नसते. ती दहा घरं पाहिलेली बाई आहे, नायकाच्या खोलीबाहेर तिचा स्वतःचा संसार आहे. तेव्हापासून तालमीत मी आधी हेच शोधते: ही बाई इथून निघून जाते कुठे?

तुमचा पहिला चित्रपट 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७) आला तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडली होती. मेसीज दुकानात मुलासाठी खेळणं शोधून दमलेली आई, श्रेयनामावलीत नावही नाही. पुढे सहा वेळा सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन, आणि एकदाही पारितोषिक नाही. १९५५च्या सोहळ्यात तर हॉलिवूडहून बॉब होप आणि न्यूयॉर्कहून तुम्ही सूत्रसंचालन केलंत. गंमत म्हणजे रंगभूमीसाठीचा टोनी पुरस्कार १९५८मध्ये तुम्हाला मिळाला तो संगीतिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा, ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून!

पण माझ्यासाठी सगळ्यांत वर आहे 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मधली (१९५३) मो. टाय विकता विकता पोलिसांना खबरा विकणारी म्हातारी. बेवारस म्हणून पुरलं जाऊ नये, लाँग आयलंडवर आपली जागा असावी, वर नावाचा दगड असावा, एवढ्यासाठी ती पैसे साठवते. खुनी खोलीत येतो तेव्हा ती इतकी दमलेली असते की घाबरायचंही त्राण नाही. आमच्याकडे मरणाच्या प्रसंगात नटांचा आवाज चढतो. तुमचा उतरत गेला. दिग्दर्शक सॅम्युअल फुलर कॅमेरा ग्रामोफोनकडे वळवतात आणि गोळी नुसती ऐकू येते. हा प्रसंग मी नव्या मुलींना मुद्दाम दाखवते.

एक तक्रारही आहे, अर्थात तुमच्याबद्दल नाही. 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये (१९५०) भोळी चाहती बनून नायिकेच्या घरात शिरलेल्या ईव्हचं सोंग सगळ्यांआधी ओळखते ती तुमची बर्डी, नायिकेची मदतनीस, आणि मग अर्ध्या चित्रपटात ती गायबच होते. कुणी विचारतही नाही कुठे गेली.

सध्याच्या नाटकात माझी मोलकरीणही दुसऱ्या अंकानंतर अशीच दिसेनाशी होते. दिग्दर्शक म्हणाले, "तिचं काम संपलं." मी तिला लेकीच्या बाळंतपणाला गावी पाठवलंय. संहितेत यातलं काही नाही, पण दुसऱ्या अंकात भांडी पुसता पुसता मी तिची पिशवी भरून दाराशी ठेवते.

तुमची ऋणी,
सांगलीची एक हौशी नटी