जूनचे तिकीट काढू नका

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड, कॅनडा
फेब्रुवारी अखेर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तिकिटे स्वस्त मिळत आहेत आणि आईला समुद्रातले हिमनग पाहायचे आहेत, ही दोन्ही कारणे मला पटतात. तरीही पैसे भरण्याआधी इथल्या विमानतळाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या शहरात आपण कोणत्या दिवशी उतरणार हे तिकिटावर छापलेले असले तरी त्यावर शेवटचा शिक्का धुक्याचा असतो.

उत्तरेकडून लॅब्राडोरचा थंड सागरी प्रवाह या किनाऱ्याला घासून खाली येतो आणि दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीम या प्रवाहाचे उबदार पाणी वर सरकते. उबदार, दमट वारा त्या थंड पाण्यावरून वाहू लागला की त्यातल्या बाष्पाचे धुके होते, आणि वसंत ऋतूपासून जुलैपर्यंत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. त्यात हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 140 मीटर उंचावरच्या पठारावर आहे. खाली बंदरातल्या बोटींची नावे स्पष्ट वाचता येत असतात आणि त्याच वेळी वर, गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, धावपट्टी ढगात बुडालेली असते. धुके म्हटले की पडलेला वारा डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र धुके आणि सोसाट्याचा वारा एकत्र येतात, आणि वैमानिकांची खरी अडचण तीच आहे.

गेल्या जूनमध्ये मी हॅलिफॅक्सहून परतत होते, ती हकीकत तेव्हा तुम्हाला कळवली नव्हती. विमान खाली आले, चाके बाहेर पडल्याचा धक्का पायाखाली जाणवला, खिडकीच्या काचेवर पाण्याचे थेंब आडवे पळत होते आणि पलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हते. आता टेकणार असे वाटत असतानाच इंजिने एकदम गरजली आणि विमानाने पुन्हा वर तोंड केले. दुसऱ्या प्रयत्नातही तेच झाले. मग आम्हाला याच बेटावरच्या गँडर गावी नेऊन उतरवले, म्हणजे घरापासून रस्त्याने सुमारे 330 किलोमीटर दूर. आम्ही चौघांनी मिळून गाडी भाड्याने घेतली, पण आमच्यातल्या इथल्याच एका आजोबांनी उजाडेपर्यंत निघायला साफ नकार दिला. या महामार्गावर रात्री मूस, म्हणजे घोड्याहून उंच असे हरीण, अचानक आडवे येते आणि त्याची धडक जिवावर बेतते. रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली. विमान कंपनीने चहासुद्धा विचारला नाही. हवामानामुळे खोळंबा झाला तर नुकसानभरपाई देण्याचे बंधन इथल्या नियमांत नाही.

इतकी यंत्रे असताना असे का होते, हे तुम्ही विचारणारच. नेहमीच्या उपकरणांच्या आधारे उतरताना सुमारे 200 फुटांवर वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावेच लागतात, नाहीतर त्याने परत वर जायचे असते. त्याहून कमी दृश्यमानतेत उतरवणारी तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा इथे आता बसवलेली आहे आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ विमाने उतरतातही. पण तिचा उपयोग व्हायला विमानात तशी साधने आणि वैमानिकांना तसे प्रशिक्षण लागते, आणि आडव्या वाऱ्याची मर्यादा ओलांडली तर सगळेच थांबते.

मग अशा जागी विमानतळ बांधलाच कशाला? तर ग्रीनलंड सोडले तर युरोपला उत्तर अमेरिकेतले हेच टोक सर्वांत जवळचे म्हणून. 14 जून 1919 रोजी ॲल्कॉक आणि ब्राउन या दोन ब्रिटिशांनी याच शहरातल्या एका मैदानावरून विमान उडवले आणि सुमारे सोळा तासांनी आयर्लंडमधल्या एका दलदलीत नाक खुपसून उतरवले. कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडणारे ते पहिले विमान. आताचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, 1941 सालचा. तो कॅनडाने बांधला, तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतेच. ते 1949 मध्ये सामील झाले. म्हणजे कॅनडाने परक्या भूमीवर बांधलेला लष्करी तळ पुढे त्याच्याच एका प्रांताच्या राजधानीचा विमानतळ झाला. हे वाचून तुम्ही नकाशा काढून बसणार, याची मला खात्री आहे.

हिवाळ्याचा तर विचारच नको. 17 जानेवारी 2020 रोजी या विमानतळावर एका दिवसात 76.2 सेंटिमीटर बर्फ पडला, म्हणजे अडीच फूट, आणि त्यानंतर काही दिवस विमाने बंद होती.

म्हणून माझे ऐका आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात या. हिमनग तोवर वितळून गेलेले असतील, पण देवमासे दिसतात, आणि आईची समजूत मी फोनवर घालते. सगळी तिकिटे एकाच बुकिंगमध्ये काढा, कारण वेगवेगळी काढली आणि पुढचे विमान चुकले तर त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. टोरांटोला एक रात्र मुक्काम ठेवा. इमिग्रेशन तिथेच होते आणि तुमचे गुडघेही मोकळे होतील. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान घ्या, म्हणजे ते रद्द झालेच तर त्याच दिवशी दुसरे मिळण्याची आशा राहते. औषधे हातातल्या पिशवीत असू द्यात, सामानात नकोत. घड्याळाची मात्र चिंता नाही: इथली वेळही तुमच्यासारखीच जागतिक वेळेपासून पूर्ण तासांच्या नव्हे, तर वर अर्ध्या तासाच्या फरकाने ठरलेली आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये फरक बरोबर आठ तासांचा पडतो.

तारीख ठरली की लगेच कळवा. रजेचा अर्ज टाकताना तुमच्या येण्याच्या दिवसापुढचे आणखी दोन दिवस मी धरून ठेवणार आहे.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
सुमा