बाबा, टोकन देण्याआधी

पुणे, रविवार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही घ्यायची म्हणताय त्या दिल्ली पासिंगच्या, सेकंडहँड लाल ऑडी टीटी स्पोर्ट्स कारचे फोटो मी पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. आई फोनवर म्हणाली, "तूच सांग आता त्यांना." पण मी कुणा एकाची बाजू घेऊन लिहायला बसलेली नाही. ती गाडी तुम्हाला किती आवडली आहे ते तुमच्या आवाजावरूनच कळलं. उभं आयुष्य लूमशेडच्या खडखडाटात काढलंत. आधी स्कूटर, मग आम्हा भावंडांच्या शाळा-कॉलेजापायी सेकंडहँड ओम्नी. स्वतःच्या आवडीची गाडी कधी दारात आणलीच नाहीत. तुमची ही हौस पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच फोनवर घाईत बोलण्यापेक्षा सगळं सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. साडेअकरा लाखांत ती गाडी फक्त दारात येईल, ती चालती ठेवायचा खर्च त्यानंतर सुरू होईल. नवी असताना ही गाडी चाळीस लाखांच्या वर होती. जुनी झाल्यावर गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही. हेडलाइट फुटला तर तो चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावानं येणार. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घेणाऱ्याला पहिल्या बिलापर्यंत ते लक्षात येत नाही.

आता दिल्ली पासिंगचं. तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्त का येतात ते बघा. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना हरित लवादानं बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि त्यावरून कोर्टात वाद पुढंही चालू राहिला. ही गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये तिची पंधरा वर्षं भरतात. मालकाला ती त्याआधी काढायची आहे, यात लबाडी काही नाही. पण त्याची कटकट संपते तिथं आपली सुरू होते. दिल्ली आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हवी, म्हणजे फॉर्म २८. मग नावावर करायला २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा ३५. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की सोलापूरचा एमएच १३ चा नंबर घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्यानं भरावा लागतो. वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, पण टीटी ही परदेशातून तयार होऊन आलेली गाडी, आणि अशा गाड्यांना आपल्याकडे कराचा दर चढा आहे. पुढं २०२७ ला फिटनेस दाखवून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. साध्या कारला त्याची फी ५,००० रुपये आहे, आयात कारला ४०,०००. पर्यावरण कर आणखी वेगळा. होटगी रोडवरचा तो विक्रेता "साडेअकरात सगळं आलं" म्हणतोय ना, त्या 'सगळं'मध्ये यातलं काय काय येतं ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी नको. आणि आरसीवरचा नंबर टाकून जुने ई-चलान परिवहनच्या साइटवर मी इथूनच बघते.

इंजिनाचं मात्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २११ पीएस. त्या पिढीच्या या इंजिनाची दोन दुखणी जगभर माहीत आहेत. पहिलं टायमिंग चेनचं. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि इंजिन बंद असताना त्यातली खाच तो ताण धरून ठेवते. जुन्या बनावटीच्या टेन्शनरमध्ये ही खाच दगा देते. मग रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली की ऑइलचा दाब येईपर्यंत चेन सैल फिरते आणि इंजिनाच्या एका कडेनं दोन-तीन सेकंद खर्रर्र आवाज येतो. तेवढाच. पुढं दिवसभर गाडी गुळगुळीत चालते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण एखाद्या दिवशी चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खाली उतरवावं लागतं. त्याचं बिल काही लाखांत जातं. दुसरं दुखणं ऑइल पिण्याचं. पिस्टन रिंगांतून ऑइल वर चढतं आणि जळतं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळा चिकट थर लागतो का बघा, आणि त्यानं ऑइल कधी कधी टॉपअप केलं ते विचारा.

म्हणून गाडी बघायची ती थंडच. गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मारून गाडी गरम करून ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर तिथून निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. शेडच्या दारात उभं राहून कुठल्या मागाचा पिकर सैल झालाय हे तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगायचात. त्याच कानानं ते पहिले तीन सेकंद ऐका. तुम्हाला आवाज खटकला तर तिथंच विषय संपला, मग त्यानं लाखभर कमी केले तरी.

गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे, दोन्ही ऑइलमध्ये बुडालेले. कुठला क्लच कधी धरायचा ते मेकॅट्रॉनिक युनिट ठरवतं. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्स कपलिंगचं ऑइल आणखी वेगळं. मीटर ७२,००० दाखवतोय, म्हणजे हे काम झालेलं असायला हवं. बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर झालेलंच नाही असं धरून चाला. चालवताना ब्रेकवरचा पाय हळूच सोडून गाडी सरकू द्या, पहिल्या-दुसऱ्यात झटका बसतो का बघा, रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर ती विचार करत थांबते का बघा. मेकॅट्रॉनिक गेलं तर खर्च लाखाच्या पुढंच. शिवाय कंपनीचं वर्कशॉप पुण्याला, म्हणजे फ्लॅटबेडवर चढवून अडीचशे किलोमीटर. चारही चाकांना ताकद असल्यामुळे दोन चाकं उचलून ओढत आणता येत नाही.

तो ७२,००० चा आकडाही मी डोळे झाकून धरणार नाही. मीटर मागे फिरवणं फार सोपं झालंय. स्टीअरिंगचं चामडं गुळगुळीत चमकत असेल, ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात झिजलेलं असेल, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड चेपलेली असेल, तर गाडी त्याहून पुष्कळ पळली आहे. टायरचं मी फोटोवरूनच सांगते. पुढच्या डाव्या टायरच्या कडेला ३११७ असं वाचता येतंय, म्हणजे तो २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी भरपूर दिसते, पण रबर जुनं आणि आपल्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं. त्या वेगाच्या गाडीवर असा टायर मी एक दिवसही ठेवू देणार नाही. चार नवे टायर पन्नास-साठ हजार, हे आत्ताच हिशेबात धरा.

माझं रोजचं काम वाहन विम्याच्या क्लेमचं, त्यामुळे पुरातल्या गाड्यांचं जरा जास्त सांगते. जुलै २०२३ मध्ये यमुनेनं दिल्लीत २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली होती. पुराचं पाणी लागलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकल्या जातात. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतरही हेच झालं. ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. वरचा पट्टा सगळे धुतात, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथं चहाच्या डागासारखी आडवी रेघ दिसली की समजायचं. मग सीटखालच्या रुळांचे स्क्रू बघायचे, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालायचा. अशी गाडी लगेच बंद पडत नाही. वायरिंगचे जोड आतून हिरवे पडत जातात आणि वर्षभरानं एकेक दिवा, एकेक सेन्सर जायला लागतो. हे सगळं या गाडीत घडलंय असं मी म्हणत नाही, पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

आपल्या सोलापूरचं म्हणून दोन गोष्टी. या इंजिनाचा वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे, उष्णतेनं ते वाकतं आणि कूलंट गळतो. उन्हाळ्यात कूलंट कमी झाला म्हणून कुणी आपल्या बोअरचं पाणी ओतलं तर काय होईल ते तुम्ही जाणता. बादल्यांवरचा पांढरा थर रोज बघतोच. आणि पेट्रोल. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसातून होणारं. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे. पण २०१२ ची गाडी ई-२० साठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. रोज पळणाऱ्या गाडीला फारसं जाणवत नाही, पण महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या जुन्या रबरी नळ्या, सील आणि हाय प्रेशर पंपाला जाणवतं. तुमची गाडी बहुतेक वेळ कव्हरखालीच असणार.

विम्याचं थोडक्यात. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारं कव्हर, सहसा मिळत नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टला पन्नास टक्के घसारा, प्लास्टिक-रबरलाही पन्नास. म्हणजे बंपर गेला तर निम्मं बिल आपलं. आणि गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत पॉलिसीही नावावर करायची.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. बाबा, तुमच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा अजून बाकी आहे. समोरच्या लाइटचा त्रास होतो हे तुम्हीच दिवाळीत म्हणालात. टीटी सहा सेकंदांच्या आत शंभरला जाते. मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात हंगामात अंधार पडल्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं रिफ्लेक्टर नसताना चालतात. तिथं ओम्नीच्या वेगात जो विचार करायला वेळ मिळतो तो या गाडीत मिळत नाही. तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण कुठलीही गाडी घेतलीत तरी रात्री हायवेला न्यायची नाही, एवढं मला कबूल करा.

आणि आई, या सगळ्यात तुला कुणी विचारलंच नाही. ती सीट जमिनीला लागलेली असते. तुझे गुडघे बघता आत बसणं एक वेळ जमेल, बाहेर येताना दर वेळी कुणाचा तरी हात लागेल. मागची सीट नावापुरतीच आहे. दर गुरुवारी अक्कलकोटला जाताना मावशीला घेतेस, ती कुठं बसणार? बाबांनी याचं उत्तर आधी तुला द्यावं, मग विक्रेत्याला.

पैशाचं माझं मत असं. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा, म्हणजे चारेक लाख, पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळे ठेवता येत असतील तरच टीटीचा विचार करायचा. ते मार्चमध्ये सुटणाऱ्या मुदत ठेवीतून येणार असतील तर नको. ती ठेव तुमच्या दोघांच्या दवाखान्याची आहे. मी काही रक्कम घालायला तयार आहे, हे मनापासून सांगते, पण ती दुरुस्तीच्या बिलात जावी असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा एक सुचवते. मारुतीनं २०१७ ते २०२० बलेनो आरएस विकली होती. एक लिटरचं टर्बो बूस्टरजेट इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शंभरच्या वर पीएस आणि गाडी हलकी, त्यामुळे पायाखाली दाबलं की जागची उसळते. त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन पुढं २०२३ च्या फ्रॉन्क्समध्ये आलं, म्हणजे त्याचं काम कळणारे हात सोलापुरातच मिळतील. चांगली गाडी टीटीच्या निम्म्या पैशांत येते. आईला सरळ बसता येतं, मावशी मागं बसते. टीटीचा तोरा तिला नाही, हे खरं आहे. पण तुम्हाला गिअर हातानं टाकत गाडी पळवायला आवडते, आणि ती मजा हिच्यात जास्त आहे असं मला वाटतं. पुण्यात दोन गाड्या माझ्या नजरेत आहेत, दोन्ही पहिल्या मालकाच्या, सगळ्या सर्व्हिसची बिलं असलेल्या.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येते. शनिवारी सकाळी सातला आपण दोघं टीटी बघायला जाऊ. मी गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर घेऊन येते, तुम्ही टॉर्च आणि गुडघ्याखाली टाकायला जुनी चादर घ्या. एनओसीची प्रत, सर्व्हिसची बिलं आणि दोन्ही चाव्या तयार ठेवायला सांगा. गाडी रात्रभर हलवू नका म्हणून बजावून ठेवा. सगळं तपासून गाडी खरंच चांगली निघाली आणि आईचं उत्तर मिळालं, तर मी मध्ये येणार नाही. तोपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका, 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' असं त्यानं कितीही वेळा सांगितलं तरी.

आई, शेंगा चटणी थोडी जास्त करून ठेव, ऑफिसात सगळे मागतात.

तुमची लेक