डोळ्यांचं तेवढं कळव

फेअरबँक्स, अलास्का
15 मार्च, रात्रीचा दीड

प्रिय बाळ्या,

आधी शिव्या देऊन घे. झाल्या? आता वाच.

तुझे नाना गेले तेव्हा मी तुला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. दोन वर्षं होत आली. पार्किंगमध्ये गाडीचा प्लग लावत होतो, हातमोजा दातांत धरला होता, बोटं बधिर होती, म्हणून तेवढंच जमलं, असं मी स्वतःला सांगत आलो. बधिर बोटं दहा मिनिटांत ताळ्यावर येतात. नंतर साडेतेरा तासांच्या फरकावर ढकललं. तू जेवत असशील, तू झोपला असशील, तू रंगात असशील. असो. तब्येत बरी आहे. साखर काठावर, गुडघा कुरकुरतो. पुढे.

झालंय असं की आमच्या शेजारणीच्या अंगणात गणपती बसलाय. साडेतीन फुटी, बर्फाचा. सोंड डावी, पोट नानांच्या मापाचं, एक हात जरा आखूड. डोळे नाहीत.

हसू नकोस. आणि "म्हणजे विसर्जनाचा खर्च वाचला" हा विनोद तर अजिबात करू नकोस, इथल्या तिन्ही मराठी घरांत तो करून झालाय.

हे कसं घडलं ते सांगतो. हे गाव बत्तीस हजारांचं, म्हणजे पेणपेक्षाही थोडं लहानच. डिसेंबरात पावणेचार तासांचाच दिवस. उणे चाळीसला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच आकडा दाखवतात, हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं, ते मी गाडीच्या टायरवर शिकलो. उभ्या उभ्या टायर खालून चपटे होतात आणि पहिले दोन फर्लांग गाडी बैलगाडीसारखी धडधडत जाते. प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबत असते, इंजिन गरम ठेवायला. पार्किंगमध्ये ओळीने खुंट्याला बांधलेल्या म्हशी वाटतात. असा हिवाळा एकट्याने निघत नाही, म्हणून इथे सतत कोणी ना कोणी काहीतरी काढतं. जत्रेला वर्गणी न देता सगळे राबतात म्हण. विद्यापीठात मूलनिवासींच्या कलांचा महोत्सव होतो, 1973 पासून, मुलंच चालवतात. हातात धरायच्या पातळ ढोलांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी उगाच तुझ्या मंडळाचं ढोल-ताशा पथक आठवून बसलो, खरं तर दोघांचं काही नातं नाही. मार्चमध्ये भर गावातून कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत. 21 जूनला रात्री दहाला बेसबॉल सुरू होतो, 1906 पासून, दिवे न लावता, आणि मध्यरात्रीच्या सुमारास खेळ थांबवून सगळे उभे राहून राज्याचं गाणं म्हणतात. तू असतास तर म्हणाला असतास, लाइट बिल वाचवायचं हे निमित्त.

आणि बर्फाच्या मूर्तींची जागतिक स्पर्धा. ती खरी भानगड.

माझी शेजारीण सत्तरीपुढची. लाकडाच्या खोपटात राहते, घरात नळ नाही. पाणी कॅनमधून आणते, अंघोळीला बाहेर जाते. गरीब नाही हं, इथे बरेच लोक हौसेने असे राहतात. तिने वर्षानुवर्षं त्या स्पर्धेत भुगा उपसलाय. एका लादीवर दोघांची जोडी, करवती चालतात, पटाश्या चालतात, आणि खाली गुडघाभर पांढरा भुगा साठतो. तो उचलायला गावातले लोक जातात. मी पण जातो, चार वर्षं झाली. शाडूचा चिखल उपसला तेवढाच अनुभव कामी आला बघ. बर्फ तळ्यातून कापलेला, इतका नितळ की लादीमागे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येते.

एकदा चहाला बसलो असताना मी बढाई मारली. माझ्या गावात घराघरांत देव बनतो, माझ्या मित्राचा कारखाना आहे, मी तिथेच वाढलो. म्हातारीने ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात कुठूनशी मिळवलेली एक लादी ट्रॅक्टरने तिच्या अंगणात टेकवली आणि मला म्हणाली, दाखव.

बाळ्या, साचा नाही. काथ्या नाही. चुकलं तर वरून माती लिंपायची सोय नाही. शाडूत आपण भर घालत जातो, इथे नुसतं काढत जायचं. हात वेगळा करून चिकटवता येतो, सांध्यात पाणी आणि भुगा भरायचा, मिनिटाभरात दगड. एक हात माझ्याकडून पडला, तो दुसऱ्यांदा केला, तोच आखूड. थंडी वाढली की बर्फ चिडका होतो, पटाशी जरा जोरात बसली की आत तडा जातो आणि तो आतल्या आत चमकत राहतो, काढता येत नाही. उलट ऊन लागलं की दुधाळ होतो, म्हणून रोज सकाळी ताडपत्री. अंगणात लोक जमायला लागले. कोणी सूप आणलं, कोणी करवतीला धार लावून दिली, एका पोराने उंदीर स्वतःच्या मनाने केला, तो बीव्हरसारखा दिसतो. राहू दिलाय.

आता डोळे. म्हातारीने युक्ती सांगितली. रेघ कोरायची आणि तिच्यात भुगा दाबायचा, पांढरी उमटते. सोपं आहे. मी पटाशी घेऊन बसलो आणि उठलो. दुसऱ्या दिवशी परत बसलो, परत उठलो. तिला सांगितलं, आमच्यात डोळे सगळ्यात शेवटी करतात. हे खोटं नाही, पण हा शेवट नऊ दिवस चाललाय.

ही म्हणते, नको करूस. डोळे नाहीत तोवर ती लादी आहे. शेजारणीचा कुत्रा रोज सकाळी तिथे पाय वर करतो, ते आत्ता चालतं. डोळे आखले की मला एप्रिलपर्यंत काठी घेऊन बसावं लागेल. हा मुद्दा बिनतोड आहे. पण लोक विचारतात रे. सूपवाल्या बाईने विचारलं, हा झोपलाय का?

आता ते सांगतो, ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं. डॉक्टरांचा गणपती आठवतो? नववीतलं वर्ष. नाना जेवायला गेले होते. एक डोळा सरळ, दुसरा दरवाज्याकडे. तुझ्या गालावर पाच बोटं उठली होती. तो डोळा मी आखला होता.

तुला हे माहीत आहे. तू शाडू मळत होतास, मान वर करून बघितलंसही होतंस. तू बोलला नाहीस. मी तर नाहीच. पुढे सायकलीवरून आपण चार महिने अबोला धरला, तेव्हा रोज वाटायचं, आज हा ते काढणार. नाही काढलंस. (सायकल मी विकली नव्हती. गहाण ठेवली होती. तुझ्या वीस वर्षांच्या प्रचाराला हे उत्तर.) ते भांडण सायकलीचं नव्हतंच, हे माझ्या डोक्यात चाळिशी उलटल्यावर शिरलं.

पण माझी झोप गेलीय ती त्यापुढच्या गोष्टीने. मी इकडे यायला निघालो तेव्हा नानांनी मला काय दिलं? त्यांचा आखणीचा ब्रश. शून्य नंबरचा, मुठीला दोरा गुंडाळलेला. कारखान्यात वीस माणसं होती, तू होतास, आणि ब्रश मला. म्हणाले, "ठेव, तुला लागेल." मी अकरा वर्षं तो मायेने ठेवलाय, टेबलावर, पेनांच्या डब्यात. परवा पटाशी हातात धरून बसलो आणि एकदम लख्ख वाटलं, त्यांना माहीत होतं. मग ती माया होती की टोमणा? नानांचे टोमणे तुला माहीत आहेत, वर्षभराने लागायचे. आणि माहीत होतं तर मग तुझ्या गालाचं काय? तुला कधी काही बोलले का? शेवटी शेवटी? मी नव्हतो, तू होतास. हे मला दुसऱ्या कोणालाही विचारता येत नाही, काकूंना तर नाहीच.

बाळ्या, मी नानांसाठी रडलो नाही अजून. ब्रश बघून मात्र तळहाताला घाम येतो.

आणि दुसरं, कामाचं. ते आधी कोणता डोळा घ्यायचे? मला आठवतं ते मूर्तीचा उजवा, म्हणजे आपल्या डाव्या हाताकडचा. भुवईपासून खाली की पापणीपासून वर? रेडिओ बंद करायला लावायचे एवढं आठवतं, आणि श्वास सोडून रेघ ओढायचे, घेऊन नाही. तू आखणीला बसतोस आता, तुझ्या हाताला माहीत असेल. डोक्याला विचारू नकोस, ब्रश घेऊन बस आणि हात कुठे जातो ते बघून लिही. फोन करू नकोस. फोनवर तू थट्टा करशील आणि मी हसेन आणि परत राहून जाईल.

घाई अशी की दिवस रोज जवळजवळ सात मिनिटांनी वाढतोय. ताडपत्री किती पुरणार.

तुझं कसं चाललंय? पीओपीचं शेवटी काय ठरलं, कारागीर टिकले का? वहिनींचं ऑपरेशन झालं असं हिच्या मावशीकडून कळलं, आता बरं ना? धाकटीने दहावीला काय केलं ते विचारायचंच राहिलं. पाट यायला लागले की तुला लिहायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच लिही.

पत्राचे फोटो काढून पाठवतोय. पोस्टाने धाडलं तर उत्तर येईपर्यंत अंगणात डबकं असेल.

तुझा,
सायकलचोर

ता. क. इथून जवळच नेनाना म्हणून गाव आहे. तिथे गोठलेल्या नदीवर लाकडाची तिवई उभी करतात, तारेने घड्याळाला बांधतात, आणि बर्फ फुटून तिवई सरकली की घड्याळ थांबतं. कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, यावर लोक पैसे लावतात, 1917 पासून. 2019 ला 14 एप्रिललाच फुटला होता, एरवी बहुधा एप्रिल संपता संपता. यंदा तुझ्या नावाने एक तिकीट टाकतोय. तारीख, तास, मिनिट कळव. 5 एप्रिलला पेट्या बंद होतात. जिंकलास तर सायकलीचे वळते करून घेईन.